चष्मा बरा की कॉन्टॅक्ट लेन्स?



लावणीला बेणे कोणते घ्यायचे, खताचा हप्ता कधी द्यायचा, हे आपण दहा ठिकाणी विचारून ठरवतो. माती तपासून घेतो, शेजाऱ्याचा प्लॉट बघून येतो, गट ऑफिसात जाऊन चौकशी करतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपली ही चौकस वृत्ती कुठे जाते कोण जाणे! दिसायला कमी आले तर वर्ष-दोन वर्षे अंगावर काढायचे आणि मग बाजाराच्या दिवशी दुकानात दिसेल तो चष्मा नाकावर चढवायचा, अशी आपल्याकडची रीत आहे.

आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. तालुक्याला किंवा पुण्या-कोल्हापूरला शिकणारी मुले-मुली सुट्टीत घरी येतात आणि म्हणतात, "चष्मा नको, मला लेन्स पाहिजे." आई म्हणते, "अगं, डोळ्यात काच घालायची म्हणजे काय खेळ आहे काय?" वडील खर्च विचारतात. आजी म्हणते, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आमचं काही अडलं नाही." प्रत्येकाचे थोडे थोडे खरे असते, पण निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा हे कोणालाच नीट माहीत नसते. म्हणून या लेखात चष्मा आणि लेन्स या दोहोंची माहिती, तीही आपल्या रानातल्या आणि घरातल्या कामाच्या हिशेबाने, देण्याचे योजिले आहे.

नंबर म्हणजे काय?

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. बाहेरचा उजेड या पडद्यातून आणि आतल्या नैसर्गिक भिंगातून जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो, तेव्हा चित्र स्पष्ट दिसते. डोळ्याची लांबी थोडी जास्त असली तर चित्र मागच्या पडद्याच्या अलीकडेच उमटते. अशा माणसाला जवळचे दिसते, लांबचे धूसर दिसते. त्याचा नंबर उणे, म्हणजे मायनस. डोळा आखूड असला तर याच्या उलट होते. त्याचा नंबर अधिक, म्हणजे प्लस. पुढचा पडदा चेंडूसारखा गोल नसून एका बाजूला जास्त वाकलेला असला तर सिलिंडरचा नंबर लागतो. अशा माणसाला अक्षरे लांबूनही आणि जवळूनही फिसकटलेली दिसतात.

उणे नंबर किती जड आहे ते ओळखण्याची सोपी रीत अशी. उणे १ नंबरवाल्याला चष्म्याशिवाय १ मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. उणे २ असेल तर अर्धा मीटर. उणे ४ असेल तर फक्त पाव मीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त. उणे ४ नंबरचा मुलगा शाळेत मागच्या बाकावर बसून फळा कसा वाचत असेल, याचा विचार करा. आपण त्याला "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून रागावतो आणि त्या बिचाऱ्याला फळ्यावर काय लिहिले आहे तेच दिसत नसते.

चाळिशीची गोष्ट वेगळी. वय चाळीसच्या आसपास आले की डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते. सुईत दोरा ओवता येत नाही, पावतीवरचे आकडे हात लांब करून वाचावे लागतात. आपल्या भाषेने तर या चष्म्याला वयाचेच नाव दिले, 'चाळिशी'. हा रोग नाही. केस पिकतात तसेच हे आहे. पण दिसणे हळूहळू कमी होत असेल तर प्रत्येक वेळी नंबर वाढला असे समजू नये. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने आतल्या पडद्याला झालेला अपाय, यांपैकी काहीही असू शकते. नुसता चष्मा बदलत राहिले तर काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर पहिली तपासणी नेत्रतज्ज्ञाकडेच करून घ्यावी.

लेन्स म्हणजे काय?

कॉन्टॅक्ट लेन्स ही कॉर्नियावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत बसणारी छोटी वाटीसारखी चकती आहे. पूर्वी ती काचेची आणि पुढे कडक प्लास्टिकची होती. डोळ्यात सतत खुपे, म्हणून ती फार थोड्यांना मानवली. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील ऑटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी शोषून मऊ होणारे प्लास्टिक वापरून १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर मऊ लेन्स तयार केल्या. त्यासाठी त्यांनी मुलांच्या जुळणीच्या खेळातले लोखंडी तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र बनवले होते. त्याच वाटेने पुढे १९७१ साली अमेरिकेत मऊ लेन्स विकण्यास परवानगी मिळाली. आज बहुतेक लोक वापरतात त्या लेन्स याच जातीच्या, पण जास्त हवा जाऊ देणाऱ्या आहेत.

ही 'हवा जाऊ देणे' ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण लेन्सचे सगळे नियम तिच्याभोवती आहेत. कॉर्निया पारदर्शक राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिनी ठेवलेली नाही. लागणारा प्राणवायू तो थेट बाहेरच्या हवेतून, अश्रूंवाटे घेतो. रानात पाणी तुंबले की उसाच्या मुळीला हवा मिळत नाही आणि ती गुदमरते, हे आपल्याला सांगायला नको. लेन्स घालून झोपले की कॉर्नियाची गत तशीच होते. वरून पापणी मिटलेली, त्याखाली लेन्स. पडदा कमजोर होतो, त्यावर बारीक चरे पडतात आणि जंतूंना वाट मिळते.

अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे आकडे बघा. दिवसा घालून रात्री काढायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० माणसांत वर्षाला सुमारे ४ जणांच्या कॉर्नियावर जंतूंची जखम झाली. झोपेतही ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत हाच आकडा सुमारे २१ होता. त्यानंतर लेन्सचे प्लास्टिक पुष्कळ सुधारले, पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीतही झोपेत लेन्स ठेवणाऱ्यांचा धोका कित्येक पटींनी जास्तच निघाला. याचा अर्थ असा की नीट वापरली तर लेन्स भिण्यासारखी नाही, आणि हयगय केली तर तिच्यासारखी वैरीण नाही.

आपल्या कामात कोण टिकते?

शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्याने काय घालावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपला दिवस कुठे जातो ते आपण बघू.

उसाच्या पात्याची धार सर्वांनी अनुभवली आहे. बांधणी करताना, पाचट काढताना, तोडणीच्या वेळी पाते सपकन डोळ्यावर येते. पात्यावरची कूस उडते. कोरड्या दिवसांत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर गेला की धुरळ्याचा लोट उठतो. गुऱ्हाळावर धूर, कारखान्याच्या आवारात बगॅसचे कण. असा बारीक कण लेन्सच्या खाली शिरला तर प्रत्येक वेळी पापणी हलली की तो कॉर्नियावर घासतो. चष्म्याची काच हाच कण अलीकडे अडवते. साधा चष्मा म्हणजे पुरते संरक्षण नव्हे, कारण बाजूने तो उघडा असतो. पण समोरून येणारे पाते तो झेलतो. लेन्सने काहीच झेलता येत नाही.

पात्याचा फटका ही क्षुल्लक गोष्ट नाही. तामिळनाडूत मदुराई येथे १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत कॉर्नियावर जखम घेऊन आलेल्या ४३४ रुग्णांची तपासणी झाली. ती पाहणी लेन्सबद्दल नव्हती. त्यातल्या २८४ जणांच्या डोळ्याला आधी मार लागलेला होता. ज्यांच्या जखमेत जंतू सापडले, त्यांत जवळजवळ निम्म्यांना बुरशी होती. पिकाच्या पात्याने, काडीने किंवा काट्याने झालेल्या जखमेत बुरशी शिरते आणि ती लवकर हटत नाही. जखम भरली तरी डोळ्यात फूल पडते आणि त्या जागेतून दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहिरीच्या, कॅनॉलच्या, बोअरच्या, इतकेच काय नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव असू शकतो. क्लोरिनलाही तो सहज दाद देत नाही. पाण्याने धुतलेल्या लेन्सला तो चिकटतो आणि तिथून कॉर्नियात उतरतो. त्याचे दुखणे असह्य असते आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून लेन्स घालून विहिरीत पोहणे, कॅनॉलमध्ये डुंबणे किंवा डोक्यावरून अंघोळ करणे कटाक्षाने टाळावे.

तिसरी गोष्ट फवारणीची. तणनाशकाचे किंवा कीटकनाशकाचे तुषार लेन्सच्या कडेने आत जातात आणि तिच्याखाली अडकून बसतात. फवारणीच्या दिवशी लेन्स घालूच नये. चष्म्यावरून बसणारा, बाजूने बंद असलेला गॉगल वापरावा.

चौथी गोष्ट रात्रीच्या पाण्याची. मोटारीची वीज रात्री आली की दारं धरायला जावे लागते. दिवसभर घातलेल्या लेन्स तशाच ठेवून माणूस रात्री रानात जातो, हाताला चिखल असतो, डोळा चुरचुरला की त्याच हाताने चोळतो आणि पहाटे येऊन तसाच आडवा होतो. एकाच रात्रीत लेन्सचे सगळे नियम मोडतात.

तेव्हा रानातल्या माणसाला, मग तो गडी असो की बाई, चष्माच योग्य. चष्म्यालाही उणेपणा आहे हे कबूल केले पाहिजे. उसाच्या कोंदट फडात काचेवर घामाची वाफ धरते, चष्मा नाकावरून घसरतो, पावसात समोरचे दिसत नाही. त्यावर उपाय आहेत. मानेमागून जाणारी दोरी लावावी. फ्रेम हलकी, कानामागे नीट वळलेली घ्यावी. भिंग खऱ्या काचेचे घेऊ नये, कारण फटका बसला तर तिचे तुकडे डोळ्यात जातात. प्लास्टिकचे घ्यावे, आणि मुलांसाठी व यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी पॉलिकार्बोनेटचे मागावे. ते सर्वांत चिवट असते.

मग लेन्स कोणासाठी?

लेन्स म्हणजे नुसती हौस, असा समज करून घेऊ नये. काही डोळ्यांना तिच्याशिवाय गत्यंतर नसते.

पहिला असा आजार केरॅटोकोनस. यात तरुण वयात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नंबर दर काही महिन्यांनी बदलतो, सिलिंडर वाढत जातो आणि चष्म्याने नीट दिसत नाही. अशा डोळ्यावर हवा जाऊ देणारी कडक लेन्स बसवली तर अक्षर स्पष्ट होते. सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत हा आजार जास्त आढळतो, म्हणून मुलाचा नंबर पटापट बदलत असेल तर दुकान बदलू नका, नेत्रतज्ज्ञ गाठा. दुसरे, ज्यांच्या दोन डोळ्यांच्या नंबरात फार अंतर आहे, त्यांना चष्म्यातून दोन वेगळ्या आकारांची चित्रे दिसतात आणि डोके दुखते. लेन्सने हे अंतर पुष्कळ कमी होते. तिसरे, फार जड नंबरवाले. त्यांना जाड भिंगाच्या कडेने वस्तू वाकड्या दिसतात, लेन्समधून सरळ दिसतात.

जाड भिंगावरून जुन्या सभासदांना आठवेल. पूर्वी शिबिरात मोतीबिंदू काढला की डोळ्यात कृत्रिम भिंग बसवीत नसत. अधिक १० च्या आसपासचा जाडजूड चष्मा देत. तो घालून चालताना पायरी कुठे आहे ते कळत नसे. आज शस्त्रक्रियेतच आत भिंग बसवतात. ते भिंग आणि कॉन्टॅक्ट लेन्स या दोन निराळ्या वस्तू आहेत. आतले भिंग कायमचे राहते, कॉन्टॅक्ट लेन्स रोज काढावी लागते. "लेन्स बसवली" एवढेच ऐकून पुष्कळांचा यात घोटाळा होतो.

याशिवाय मॅटवर कबड्डी खेळणारी मुले-मुली, व्हॉलीबॉल खेळणारे, शहरात नोकरी-शिक्षणासाठी राहणारे, यांनी लेन्स घेण्यास हरकत नाही. मात्र तालमीच्या मातीत लेन्स घालून उतरू नये.

लपवून घातलेली लेन्स

आता जरा नाजूक विषय. आपल्या समाजात मुलीला चष्मा असला की स्थळ बघताना लोक नाक मुरडतात. "मुलगी चांगली आहे हो, पण चष्मा आहे," असे बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे, कित्येकांनी बोललेही आहे. मग आईवडील बघण्याच्या कार्यक्रमापुरती लेन्स घालायला लावतात, पुढे साखरपुड्याला, मग लग्नाला. नंबराची गोष्ट सासरी सांगायची राहून जाते.

ती मुलगी सासरी गेल्यावर काय करते याचा विचार करा. चार माणसांच्या घरात तिला लेन्स काढायला जागा नाही. डबी आणि औषधाची बाटली ठेवायची कुठे? रात्री काढली तर सकाळी उठल्यावर दिसणार नाही, आणि चष्मा तर माहेरी ठेवलेला. म्हणून ती लेन्स घालूनच झोपते. बाटली संपली तर मागणार कोणाकडे? मग मोरीत जाऊन चोरून नळाच्या पाण्याने धुते. डोळा लाल झाला, ठणकू लागला, तरी "चुलीचा धूर लागला" म्हणून सांगते. ती दवाखान्यात पोचेपर्यंत आठ दिवस गेलेले असतात, आणि कॉर्नियाच्या जखमेत आठ दिवस म्हणजे फार झाले.

दिवसभरात लेन्सला स्वच्छ हात, स्वच्छ डबी, ठरलेली वेळ आणि थोडी मोकळी जागा लागते. हे सगळे उघडपणेच होऊ शकते. म्हणून मुलींच्या आईवडिलांना आणि तितकेच मुलांच्या आईवडिलांना आमचे सांगणे आहे की नंबर सांगून टाका आणि नंबर ऐकून नाक मुरडू नका. कमी दिसणे हा दोष आहे असे मानले तर तो अर्ध्या गावात निघेल. आणि सुनेच्या ट्रंकेत लेन्सची डबी दिसली तर तिला टोमणा मारण्याऐवजी आरशाजवळ एक फळी रिकामी करून द्या.

लग्नसराईतील रंगीत लेन्सचेही तेच. नंबर नसला तरी हिरव्या-निळ्या लेन्स एकीने काढून दुसरीला देतात. लेन्स ही दात घासायच्या ब्रशासारखी एकाचीच वस्तू आहे. रंगीत लेन्सही डॉक्टरांनी माप घेतल्याशिवाय घालू नये.

लेन्स घेतलीच तर

१. चष्म्याच्या नंबरावरून लेन्स विकत घेऊ नये. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, म्हणून जड नंबरात फरक पडतो. उणे ६ चा चष्मा असेल तर लेन्स साधारण उणे साडेपाचची लागते. शिवाय कॉर्नियाचा बाक मोजावा लागतो.

२. हात साबणाने धुवून, कोरडे करूनच लेन्सला हात लावावा. मिरची कापल्यावर किंवा तंबाखू मळल्यावर तर विशेष काळजी घ्यावी.

३. लेन्स धुण्यासाठी आणि भिजवण्यासाठी तिचे औषधी द्रावणच वापरावे. उकळलेले पाणी, फिल्टरचे पाणी, घरी केलेले मिठाचे पाणी किंवा थुंकी, काहीही चालत नाही. डबीतले द्रावण रोज पूर्ण टाकून नवे घालावे. कालच्यात आजची भर टाकू नये.

४. डबी द्रावणानेच खळबळून उपडी वाळत ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी.

५. झोपताना, अंघोळीला आणि पोहताना लेन्स काढावी. दुपारची डुलकी हीसुद्धा झोपच.

६. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस. मधे दहा दिवस घातली नाही म्हणून दहा दिवस वाढवून मिळत नाहीत.

७. लेन्स वापरणाऱ्याकडे चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे. डोळा जरा लाल झाला की लेन्स बाहेर, चष्मा नाकावर.

खर्चाचा हिशेब

दर दुकानागणिक बदलतात, पण हिशेबाची रीत एकच. रोज टाकून द्यायच्या लेन्सची वर्षाला दोन डोळ्यांच्या मिळून ७३० नग लागतात. यांत द्रावण आणि डबीचा खर्च नाही, आणि धुण्यातली चूक होण्याची भीतीही नाही. महिन्याच्या लेन्सचे वर्षाला २४ नग, वर भर म्हणून द्रावणाच्या बाटल्या आणि ४ डब्या. यांत चष्म्याचा खर्च मिळवायचाच, कारण तो सुटत नाही. नुसता चष्मा घेतला तर एक फ्रेम आणि भिंगाची एक जोडी, नंबर बदलेपर्यंत. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की पैसे वाचवण्यासाठी महिन्याची लेन्स तीन महिने ओढणे किंवा द्रावण पुरवून वापरणे, ही सर्वांत महाग बचत आहे. तेवढी ऐपत नसेल तर चांगला चष्मा घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

डोळ्याला लागले तर

पाते लागले, कण गेला, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लेन्स असेल तर आधी काढावी आणि डबीसह बरोबर न्यावी. जंतू शोधायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. डोळ्यात मध, दूध, कांद्याचा रस, एरंडेल घालू नये. मेडिकल दुकानातून "लाल डोळ्याचे औषध" मागून घालणे तर त्याहून घातक. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला खतपाणीच मिळते. फवारणीचे औषध डोळ्यात उडाले तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवत राहावे. लेन्स काढण्यासाठी धुणे थांबवू नये; धुताना निघाली तर टाकून द्यावी. नंतर औषधाचे लेबल घेऊन दवाखाना गाठावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*चष्मा लावला की नंबर वाढतो काय?* नाही. वाढत्या वयात डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही. लहान मुलाला वेळेवर चष्मा मिळाला नाही तर मात्र तो डोळा कायमचा आळशी राहू शकतो. मुलांना रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्यावे. त्याने लांबचे न दिसण्याचा नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते.

*लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन अडकते काय?* नाही. पापणीच्या आतील पातळ त्वचा तिथेच वळून डोळ्याला जोडलेली असते, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली सरकते.

*वेल्डिंग करताना लेन्स वितळून डोळ्याला चिकटते म्हणतात, ते खरे काय?* ही जुनी अफवा आहे. पण वेल्डिंगच्या झोताने उघड्या डोळ्याला इजा होतेच, म्हणून लेन्स असो वा नसो, काळ्या काचेचा मुखवटा हवाच.

*लेन्सने नंबर जातो काय?* आपण रोज दिवसा घालतो त्या लेन्सने जात नाही. लेझर शस्त्रक्रियेचा विचार १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि नंबर स्थिर झाल्यावरच, तोही कॉर्नियाची जाडी तपासून करतात.

*तपासणी कुठे करावी?* अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी होते आणि गरजू मुलांना मोफत चष्मे मिळतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

सारांश इतकाच की रान, धूर, पाणी आणि फवारणी यांत ज्याचा दिवस जातो त्याने चष्मा घ्यावा. ज्याला स्वच्छता पाळायला सवड, जागा आणि उघडपणा आहे, किंवा ज्याच्या डोळ्याची तशी गरज आहे, त्याने नेत्रतज्ज्ञांना विचारून लेन्स घ्यावी आणि चष्माही जवळ ठेवावा.

आज एवढे मात्र करा. हा अंक वाचून झाला की तो समोरच्या भिंतीला लावा. घरातल्या प्रत्येकाला पाच-सहा पावलांवर उभे करून एकेक डोळा तळहाताने झाकून वरचे मोठे मथळे वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचे उणे दुसरा झाकून नेतो, म्हणून एकेकच झाकायचा. ज्याला एका डोळ्याने वाचता येणार नाही, त्याला याच आठवड्यात तपासून आणा, मग तो नातू असो की आजोबा.